मधलं दार

३ जून
लेक शिकायला बाहेरगावी गेली, तिची खोली रिकामी. बायकोचा रक्तदाब उतरेना, म्हणून डॉक्टरांनी दरडावलं होतं — गोळ्या घेताय तशी सलग झोपही घ्या! आज उशी काखेत मारून ती लेकीच्या खोलीत. जाताना म्हणाली, "मधलं दार उघडं ठेवा." मी लावून घेतलं. सुटलो बुवा! इतकी वर्षं, घोरलो की बरगडीत कोपर.

४ जून
रात्रभर कोणी ढोसलं नाही. तरी डोकं जड.

११ जून
बायको टवटवीत. भाजी चिरताना गुणगुणते. दूध उतू गेलं तरी घर डोक्यावर घेतलं नाही! रक्तदाबही उतरला. म्हणजे तिचं दुखणं मीच होतो. बरं झालं म्हणायचं. जरा झोंबलं.

१५ जून
दुकानात गिऱ्हाईक खुर्चीत पेंगतं, ते नेहमीचंच. आज दाढी करणाराही पेंगला, म्हणजे मीच — उभ्या उभ्या, हातात वस्तरा! मास्तरांच्या हनुवटीला लागलं. तुरटी फिरवली. "डुलकी लागली की काय?" — मास्तर. छे छे, म्हटलं.

१९ जून
पुन्हा तेच. या वेळी मानेजवळ. मेहुणा दुकानात भागीदार आहे, त्याने वस्तरा काढूनच घेतला. "दाजी, धड झोप होईपर्यंत गल्ल्यावर बसा."

बसलोय माशा मारत. येईल त्याच्यावर खेकसतो. जुन्या गिऱ्हाइकाचं नाव आठवेना. पुन्हा हातात वस्तरा येतो की नाही, कोण जाणे! भीती वाटते.

२६ जून
अंगाला वायरी चिकटवून दवाखान्यात झोपवलं होतं. आज डॉक्टरांनी सांगितलं — झोपेत श्वास थांबतो. मेंदूला विसावा नाही, म्हणून डोकेदुखी, विसरणं, चिडचिड. हृदयालाही ताण. तोंडावर यंत्र लावून झोपायचं. लावलं तर वस्तरा परत धरता येईल म्हणे.

"आजवर निभावलं कसं? रात्री कोणी उठवायचं का?"

मला काय ठाऊक, मी झोपलेला! "घरी विचारा," डॉक्टर म्हणाले.

२७ जून
विचारलं. चहा गाळता गाळता म्हणाली, "घोरलात म्हणून कधी नाही हो मारलं. घोरणं एकदम थांबायचं, तेव्हा मारायचे."

आणि मी दार लावून घेतलं होतं.