दोरीची झीज

प्रिय सार्थकदादा,

सॉलोमन बेटांवरचं जुनं म्हणून बाबांनी दाखवलेलं शिंपल्याचं पदक घ्यायला उद्या गिऱ्हाईक येतंय. जुन्या पदकाचं भोक दोरीने वरच्या बाजूला झिजतं, हे बाबांनीच आपल्याला शिकवलं. याचं भोक मात्र नीट गोल आहे. ते त्यांनी सातपूरला ड्रिलने पाडून आणलं आणि पदक चहाच्या पाण्यात मुरवलं.

गिऱ्हाइकाला म्हणाले, "माझं राहू द्या, आमच्या हर्षूला विचारा. तिला खोटं बोलताच येत नाही." म्हणजे उद्या गिऱ्हाईक मलाच विचारणार.

हे तुला पाठवणार नाही. तू त्यांना फोनवर झापशील, आणि ते माझ्याकडे वळून विचारतील, "हर्षू, तूच सांग, तुझा बाप खोटारडा आहे का?"

तुझी,
हर्षाली