अर्धवट सोलो
भामरागड, रविवार, संध्याकाळ

वीस वर्षं फंक-रॉक बँडमध्ये लीड गिटार वाजवली, पण लोक मला ओळखतात ते एकाच सोलोमुळे. तो मला स्वप्नात सुचला होता. म्हणजे माझाच ना? शेवट मात्र कधी सापडला नाही, म्हणून मी तो मध्येच तोडतो.

आज बहिणीच्या अंगणात तोच वाजवला. शेजारची म्हातारी सोमीबाई म्हणाली, "थांबला काऊन? माहा भाऊ इथी थांबत नव्हता."

"बाई, तुमचा भाऊ गिटार वाजवायचा?"

"बासरी. तू जन्माले यायच्या आधीच नदीत वाहून गेला तो."

मग ती पुढचं गुणगुणू लागली. मी ते कधीच ऐकलं नव्हतं. तरी प्रत्येक सुरावर माझी बोटं तिच्या आधी पोचत होती.