दुसऱ्या काट्यावरचं वजन

भाजीबाजार, अमरावती

कांद्यासारखे वरून तिखट आणि शिजल्यावर गोड अशा आमच्या मेहुण्यांना, म्हणजे खुशालभाऊंना, देवीदासचा रामराम. सासूबाईंच्या पायांवर डोकं. त्यांचे गुडघे काय म्हणतात? (आवाजाचं विचारत नाही, तो बाळापूरहून इथवर येतो.)

आम्ही नवराबायको अकोल्याला येऊन बाळापूरला न फिरकता परतलो, हे पुंजाराम दलालाने तुम्हाला सांगितलं, आणि तुम्ही रागावलात हे त्याच पुंजारामने मला सांगितलं. आता खरं कारण ऐका.

दिवाळीपासून सत्यवतीची बोटं सकाळी मुळ्यासारखी ताठ असतात. गालांवर लाली चढली, तेव्हा मी मूर्ख खूश झालो की पन्नाशीत बायको उजळली! पहाटे मेथीच्या जुड्या बांधताना ती कण्हते, आणि मी वळून पाहिलं की खोकते. उभी उमर हर्राशीत, लिलावाच्या बोल्या ऐकण्यात, गेली माझी. समोरचा किती भाव मनात धरून बोलतो ते मी आवाजावरून ओळखतो. मला कण्हणं आणि खोकणं वेगळं कळणार नाही होय? नेलं डॉक्टरीणबाईंकडे. त्यांनी विचारलं, माहेरी कोणाला असं होतं का? सत्यवती झटकन म्हणाली, ‘नाही.’

मला मात्र तुमच्या थोरल्या बहीण मैनाबाई आठवल्या. सासरच्यांनी आणून सोडलेल्या. हीच बोटं, हेच गाल, केस पुंजक्यांनी गळायचे. आणि घरात एकच शब्द, कामचोर. त्यांच्या तेरवीलाही तो शब्द मी पंगतीत ऐकला. (देवाने कान जरा कमी दिले असते तर चाललं असतं.)

असो. लॅबमधल्या आचल नावाच्या पोरीने रक्त काढलं आणि ते विमानाने मुंबईला पाठवलं. सत्यवती स्वतः शेगावच्या पलीकडे गेलेली नाही. तिने विचारलं, ‘काहो बाई, त्याले खिडकीपाशी बसवता का?’ रिपोर्ट आल्यावर आचलने समजावलं, की रक्तातलं पाणी काढून ते पातळ करत जातात आणि दिव्याखाली चमक उरते का ते पाहतात. हिचं सहाशेचाळीस पट पातळ केलं तरी चमकत होतं. मी म्हटलं, ‘अजून थोडं पाणी टाका ना बाई, आमचा दूधवाला काही मोजत नाही.’ पोरगी हसली, आणि मग तिने हसू आवरलं. ते आवरणं मला आवडलं नाही.

वजनाचा संशय आला की माल दुसऱ्या काट्यावर चढवावा, हा आपल्या धंद्याचा नेम. म्हणून अकोल्याच्या लॅबमध्ये पुन्हा रक्त दिलं. रिपोर्ट आणायला गेलो तर तिथे तीनशेवीस! आजार निम्म्यावर उतरला म्हणून मी तिला उसाचा रस पाजला आणि म्हटलं, चल, आता आईला भेटून जाऊ. ती बसस्टँडच्या बाकावरून उठेचना. ‘माय बोटं पाहीन ना. म्हणन, हेबी मैनासारखीच निघाली.’

म्हणून आलो नाही, भाऊ.

डॉक्टरीणबाईंनी दोन्ही कागद पाहिले. म्हणाल्या, ‘देवीदासजी, दोन्ही काटे एकच सांगतात. या तपासणीत एका पायरीचा फरक धरत नाहीत.’ आणखी एक तपासणी झाली, आणि नाव ठरलं, ल्युपस. कुंपणानेच शेत खायचं, तशातला प्रकार. मुळापासून जात नाही. रोज गोळ्या घेतल्या तर आवरतो, नाहीतर मूत्रपिंडात शिरतो. मैनाबाईंचं सांगितलं तेव्हा त्यांनी दोन्ही कागद पुन्हा उघडले. मग म्हणाल्या, त्यांनाही हेच असू शकेल.

बाकी क्षेम. वांग्याला कुत्रं विचारत नाही.

तुमचा,
देवीदास

ता. क. गोळ्या सगळ्या सुपारीच्या डब्यात सापडल्या, एकही फोडलेली नाही. गोळी घेतली की आजारी ठरते, आणि आजारी ठरली की कामचोर. माझं ऐकत नाही, डॉक्टरचं ऐकत नाही. सासूबाईंना घेऊन या. त्यांनी हिच्यासमोर एवढंच म्हणावं, मैना कामचोर नव्हती. त्यांना हे सोपं नाही, मला कळतं. पोरगी गेल्यापासून तोच एक शब्द धरून त्या उभ्या आहेत.

आणखी ता. क. येताना कांद्याचं एक पोतं आणा. वर निवडक लावू नका, मी ओतून पाहतो.

शेवटचं. खाली सत्यवतीला दोन ओळी लिहायच्या होत्या, पण पेन धरवेना. म्हणाली, तुमीच लिहा, मी बरी आहे. लिहिलं. ‘मी बरी आहे’ ही ओळ सासूबाईंना वाचून दाखवू नका.