संक्रांतीपर्यंत मौन

८ जानेवारी, बुधवार

गल्लीत पाइपलाइनसाठी खोदलंय. दारापुढं चर, चरावर एक फळी. घरभर धूळ. छातीत बारीक शिट्टी वाजते. दमा नाही, धूळ आहे. खोदकाम संपलं की शिट्टी संपेल. तोवर खिडक्या बंद.

दम्याचा रोजचा पंप दिवाळीनंतर सोडला. बरं वाटत असताना औषध कशाला? निळा पंप खिशात आहे, पण तो फक्त इमर्जन्सीला. आज दोनदाच घेतला.

९ जानेवारी, गुरुवार

निळा पंप सकाळी, जेवणाआधी, जेवणानंतर. इमर्जन्सी नव्हती. प्रिकॉशन.

मनकर्णा म्हणाली, कोपऱ्यावरच्या डॉक्टरीणबाईंना दाखवून या. बायकोचं मन मोडू नये. उद्या जाणारच होतो, पण उद्या नळाला पाणी यायचा दिवस, अन् मोटर लावणं हे खातं माझ्याकडं. पाणी आठवड्यातून एकदा येतं. डॉक्टर रोज असतात.

१० जानेवारी, शुक्रवार

पाणी आलं नाही. दिवसभर वाट बघितली, त्यामुळं दवाखान्यात जाता आलं नाही.

संध्याकाळी ट्रायल म्हणून फळीवरून पलीकडं जाऊन आलो. मधोमध थांबलो. थांबावं लागलं असं नाही, थांबलो. शेजारचा सोमनाथ रिक्षा पुसत होता. काय बघताय काका, म्हणाला. पाइप, म्हणालो. एका शब्दात काम झालं. तेव्हाच कल्पना सुचली.

११ जानेवारी, शनिवार

निर्णय: संक्रांतीपर्यंत मौनव्रत.

कन्नडला साखर कारखान्याच्या ऊस मोजायच्या काट्यावर सगळी नोकरी ट्रॅक्टरवाल्यांशी हुज्जत घालण्यात गेली. आता जिभेला विश्रांती. शिवाय बोललं की दम लागतो, नाही बोललं की कमी लागतो. म्हणजे मौन हे औषधच झालं. हे अजून कुणाच्या लक्षात कसं आलं नाही?

मनकर्णा खूश. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा निवांत भाकरी थापली म्हणे. विश्वजीत शेंद्र्याच्या कंपनीतून ड्यूटी करून आला. अण्णा, बरं आहे ना, विचारलं. मी डोळे मिटून हसलो. पोरगा बराच वेळ समोर उभा राहिला.

१२ जानेवारी, रविवार

आडवं झालं की गुदमरतं. पाठीला उशा लावून बसूनच झोपलो. योगी लोक बसूनच झोपतात.

निळ्या पंपाचा गुण आता लवकर उतरतो. घेतला की तासाभरात पुन्हा हात खिशाकडं जातो. कंपनीनं माल हलका केला असणार.

माझ्या वडिलांना, बापूंना, दम्यातच दवाखान्यात नेलं होतं. गावातली जीप, जाताना लई जोरात गेली. परत आली तेव्हा सावकाश येत होती. त्याचा इथं काही संबंध नाही. आठवलं म्हणून लिहिलं.

उद्यापर्यंत उतरलं नाही तर डॉक्टर. फायनल.

१३ जानेवारी, सोमवार. भोगी

उतरलं नाही.

मनकर्णानं तीळ भाजले. स्वयंपाकघरात धूर, अंगणात धूळ. मधल्या खोलीत बसलो. इथून कुठंच जाता येत नाही. फळी दिसते. आठ-दहा पावलं असेल. बघूनच दम लागतो.

उद्या सण. सणासुदीला घरातलं माणूस दवाखान्यात बरं दिसत नाही. परवा. फायनल.

मनकर्णा दारात उभी राहून माझ्याकडं बघते. तिला वाटतं ध्यान करतोय.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. लोक येतात. तीळगूळ घ्या, गोड बोला.

मौन.

पंप हलवला. रिकामा.

नंतर लिहितो.

१६ जानेवारी, गुरुवार. हॉस्पिटल

आता सविस्तर लिहिता येतं.

परवा मनकर्णा माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "अहो, मौन मोडलं तरी चालंल. एकदा मला नावानं हाक मारा."

'मन' झालं. 'कर्णा'ला श्वास उरला नव्हता.

ती ओरडली नाही. उठली, दारातून सोमनाथला हाक मारली. विश्वजीत कामावर निघाला होता, तो बूट घालूनच आत आला. दोघांनी मला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं अन् खुर्ची उचलून फळीवरून नेली. गल्ली तीळगूळ हातात धरून बघत होती. निर्णय माझा आहे हे कळावं म्हणून मी हात वर केला.

खुर्ची इतक्या पटकन आली कुठून? हे रिक्षात सोमनाथनंच सांगितलं. खुर्ची रविवारपासून दारातच ठेवलेली होती. काकू म्हणल्या होत्या, ते व्हय म्हणले की लगेच लागंल.

डॉक्टरीणबाईंनी तोंडावर औषधाचा मास्क लावला अन् ॲम्ब्युलन्स बोलावून इकडं पाठवलं. इथं ऑक्सिजन, इंजेक्शन. त्रास कधीपासून, असं इथल्या डॉक्टरांनी विचारलं. मी एक बोट दाखवलं, म्हणजे एक दिवस. मनकर्णा म्हणाली, बुधवारपासून. डॉक्टर म्हणाले, निळा पंप चार तासांच्या आत परत लागला, किंवा एक वाक्य एका दमात होईना, की वाट बघायची नाही, निघायचं. अजून उशीर झाला असता तर, एवढं म्हणून ते थांबले. त्यांच्याकडं तर श्वास भरपूर होता.

ते गेल्यावर मनकर्णा चादर नीट करत होती. माझ्याकडं न बघता म्हणाली, "मौन काय अन् दम काय, मला कळत नाय व्हय? तुम्ही हो म्हणायची मी वाट बघत बसले. तिथं चुकले. आता नाय बघणार."

मी काही बोललो नाही. या वेळी बोलता येत होतं.

२६ जानेवारी, रविवार. संध्याकाळ

घरी येऊन आठवडा झाला. रोजचा पंप दोन्ही वेळा, तिच्या समोर. तब्येत एकदम फर्स्ट क्लास. मी तर म्हणतो, हॉस्पिटल जरा जास्तच झालं.

डॉक्टरांनी तिला परीक्षा शिकवली आहे. रोज संध्याकाळी मी पूर्ण नाव, गाव, तालुका, जिल्हा एका श्वासात म्हणायचं. आमच्या जिल्ह्याचं नाव आता चांगलंच लांब आहे. तिथपर्यंत पोचलो की पास. रोज पास होतो.

आज तालुक्याला थांबलो.

तिला सांगितलं, शेंगदाण्याची चटणी घशात अडकली. पाणी पिऊन म्हणतो. पाणी प्यालो. गावाला थांबलो. उद्या सकाळी दाखवू, तसाही आज रविवार, असं सांगायला मान वर केली.

तिनं स्वतःची चप्पल घातली होती, अन् माझी आणून पायापुढं ठेवली होती. मी लिहितोय तोवर दारात उभी आहे.

घातली.