आधारपेशी आधी बोलतात

३ फेब्रुवारी, मंगळवार, दुपारी ४.१०
आजपासून रोजनिशी. रोज. मोठा शोध लागला की तारखांवरून वाद होतात, म्हणून कागद हाताशी हवा.

शोध असा. मेंदूत संदेश नेतात ते न्यूरॉन. त्यांच्याभोवती असतात ॲस्ट्रोसाइट, म्हणजे आधारपेशी. शंभर वर्षं सगळे त्यांना नुसतं भरताड समजत होते. अलीकडे कळलं की त्याही न्यूरॉनशी बोलतात. त्यांच्यात कॅल्शियम वाढतं आणि आमच्या स्क्रीनवर त्या हिरव्या दिसतात. पण हे न्यूरॉनच्या मागाहून, सावकाश, असं पुस्तकात लिहिलंय.

पुस्तकं बदलावी लागतील. आज उंदीर क्रमांक १४ चाकावर, डोक्याला काचेची खिडकी, वर मायक्रोस्कोप. मी नेहमीसारखी मांडीवर थाप मारली, 'चला!' म्हणालो, चष्मा शोधला, बटण दाबलं. उंदराच्या मिशांवर हवेची फुंकर सुटली, न्यूरॉन उजळले. पण आधारपेशी चार सेकंद आधीच हिरव्यागार! फुंकर सुटायच्याही आधी! म्हणजे हुकूम त्यांचा, न्यूरॉन नुसते हरकामे.

उलरिकला सांगितलं. तो आमच्या विभागाचा प्रमुख, माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. म्हणाला, 'बघू या.' पोटात दुखतं माणसांच्या.

६ फेब्रुवारी, शुक्रवार
नऊ वेळा प्रयोग, नऊ वेळा तेच. मेच्या अखेरीस बर्गनला परिषद आहे. उद्घाटनाचं भाषण आमच्या विभागाला मिळालंय, आणि कोणी करायचं ते उलरिक एक एप्रिलला ठरवणार. दुसरं कोण आहे? छप्पन्न वर्षांत मला एकदाही उद्घाटनाचं भाषण मिळालेलं नाही. हे मला हवंय. इथे खोटं कशाला लिहू?

आज केक आणायची पाळी माझी होती. शोधाच्या गडबडीत राहिला. सगळे तोंडं पाडून बसले. शेवटी गेर्डाने डब्यातलं दालचिनीचं काहीतरी काढलं. गेर्डा आमची लॅब असिस्टंट, बावीस वर्षं इथेच. खिडक्या तीच बसवते, उंदरांना चाकाची सवय तीच लावते. मला म्हणाली, 'अरे आयगिल, चौदा नंबरला मी तीन आठवडे हातावर घेऊन माणसाळवलंय. जरा बेतानं.' मी काय त्याला खातो?

१२ फेब्रुवारी, गुरुवार
रोजनिशी रोज जमत नाही. शोध लावणारा माणूस लिहीत बसत नाही.

उलरिकचं म्हणणं, गेर्डाने प्रयोग करून पाहावा. तिने केला. बारा वेळा. आधारपेशी आपल्या उशिरा, पुस्तकात लिहिल्यासारख्या. मी म्हटलं, तिचा हात बसलेला नाही. ती म्हणाली, 'बटण तर एकच आहे.' उद्धट! पण मी शांत राहिलो. (दार आपटलं ते वाऱ्याने.)

१३ फेब्रुवारी, शुक्रवार
फास्टेलाव्नचे, म्हणजे उपवासाआधीच्या सणाचे, क्रीम भरलेले बन. तीन खाल्ले. सोमवारपासून एकही नाही.

१९ फेब्रुवारी, गुरुवार
नवी अट. मी शेजारच्या खोलीत बसून कॉम्प्युटरवरून फुंकर सोडायची. सोडली. काही नाही! तीस वेळा आधारपेशी मागाहूनच! दोष त्या कॉम्प्युटरचा. कंपन्या मेल्या वेळेचा हिशेब नीट ठेवत नाहीत. मग चिडून मायक्रोस्कोपच्या खोलीत गेलो, स्वतः बसलो, 'चला!' आणि लगेच हिरवंगार. उलरिकला हे डोळ्यांनी दाखवलं तरी तो कपाळ खाजवत उभा.

माझा निष्कर्ष: संशोधकाचं कौशल्य. काही हातांना यश असतं, हे विज्ञानात लिहिता येत नाही एवढंच.

२१ फेब्रुवारी, शनिवार
बोडिलला सगळं सविस्तर सांगितलं. माझी बायको लायब्ररीत काम करते, ऐकून घ्यायची सवय आहे. आज मात्र ऐकता ऐकता बटाटे सोलायची थांबली. म्हणाली, 'तू थाप मारून चला म्हणालास की आपला कुत्रा सोफ्याखाली जातो, माहितीये ना तुला?' मी विचारलं, कुत्र्याचा काय संबंध? तर म्हणाली, 'काही नाही रे, तू बोल.' विषयाला धरून राहणं लोकांना जमत नाही.

बर्गनसाठी निळा सूट शिवायला टाकला. कमरेला थोडी जागा ठेवलीय, बनमुळे.

३ मार्च, मंगळवार
प्रचंड दिवस! गेर्डाने बोलावलं. म्हणाली, आज बटण नको, फुंकर नको, फुंकरीची नळीच काढून ठेवलीय. तू नुसता बस. दीड तास बसलो. उंदीर क्रमांक १७ चाकावर, स्क्रीन काळी. कंटाळून जीव जायची वेळ. साडेअकराला उठलो, थाप मारली, म्हणालो, 'चला, जेवायला!' आणि अख्खी स्क्रीन हिरवी! या टोकापासून त्या टोकापर्यंत!

म्हणजे आधारपेशींना जेवणाची वेळ कळते!! हा दुसरा शोध, पहिल्याहून मोठा. गेर्डाला सांगितलं. तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला. बावीस वर्षांत पहिल्यांदा. भारावली असणार.

५ मार्च, गुरुवार
गेर्डाने मला दहा वाजता, मग पावणेदोनला आणि मग सव्वातीनला थाप मारायला लावली. तिन्ही वेळा हिरवं. जेवणाची वेळ हा मुद्दा थोडा अडचणीत.

२३ मार्च, सोमवार
लिहायचा मूड नव्हता.

झालं ते असं. उलरिकने मायक्रोस्कोपच्या खोलीचं दार लावून घेतलं, आत चाकावर उंदीर होता. गेर्डा होती. ती म्हणाली, उंदीर दचकला की मेंदूत भीतीचं रसायन सुटतं. ते आधारपेशींना लगेच गाठतं, आणि मग आधारपेशी न्यूरॉनना आवरतात, सावध करतात. बोलणं खरंच आहे, म्हणाली, फक्त सुरुवात त्या करत नाहीत. मी विचारलं, मग कोण करतं? मग उलरिक म्हणाला, 'आयगिल, तू.'

मी म्हटलं, उंदीर मला का घाबरतील? मी सहसा आवाज चढवत नाही. हे मी जरा मोठ्याने म्हणालो असेन, कारण मागे स्क्रीन हिरवी झाली.

घरी आलो. कुत्र्याला हाक मारली. तो आला, पण लांबून वळसा घालून. फार वाईट वाटलं.

१ एप्रिल, बुधवार
बर्गनला गेर्डा. सगळे उठून टाळ्या वाजवत होते. मीही वाजवल्या. भाषण लिहायला मदत करू का म्हणून विचारलं. म्हणाली, 'झालंय रे लिहून.'

पण तिचा प्रयोग माझ्याशिवाय होत नाही! रेकॉर्ड केलेली थाप उंदरांना चालत नाही, खरा माणूसच लागतो. मंगळवार, गुरुवार, साडेनऊ. म्हणजे मूळ आधार मीच. संकल्प: वेळेवर जायचं, आवाज खणखणीत ठेवायचा.

५ मे, मंगळवार
पेपरचा मसुदा पाहिला. लेखकांत मी नाही. शोधत शोधत 'साहित्य आणि पद्धती'त सापडलो. चाक, काचेची खिडकी, हवेची नळी, त्याखाली 'प्रयोगकर्ता, पुरुष, वय ५६'. वय बरोबर आहे. सत्तावन्न जूनमध्ये पूर्ण होतील.

२८ मे, गुरुवार, सकाळी १०.०५
गेर्डाचं आज बर्गनला भाषण. इथे शेवटची मोजणी राहिली होती, ती उलरिकने घेतली. मी निळा सूट घालून गेलो, उगाच. उंदीर क्रमांक २२ चाकावर. मांडीवर थाप मारली, म्हणालो, 'चला!' स्क्रीन काळी. पुन्हा मारली, जोरात. हात झोंबला. बाविसाव्याने माझ्याकडे बघितलं आणि मिशा पुसायला लागला. उलरिक म्हणाला, सवय झाली त्यांना, होतं असं, आता तू नाही आलास तरी चालेल.