मैदानावरच्या मॅडम

४ नोव्हेंबर
बोईसरची जिम नको. परतताना रिक्षातच शालूला सांगून टाकलं. तिथले मनीष सर आमच्याशी बोलताना सगळा वेळ आरशात स्वतःचे दंड बघत होते. पोलीस भरतीसाठी पळायचंय म्हटलं, तर म्हणाले आधी वजनं उचला. माझा गुडघा कबड्डीत दुखावला होता ते सांगायला गेले — ऐकूनच घेतलं नाही. पावडरचा डबा मात्र लगेच पुढे केला.

६ नोव्हेंबर
पालघरला चंद्रकांता मॅडमना भेटलो. पूर्वी स्वतः धावायच्या, आता मैदानावर मोजक्याच मुलींना शिकवतात. आल्याआल्या पळायला लावलं नाही. खाली बसवलं. काय खाता, झोप होते का, कुठे दुखतं, पाळी वेळेवर येते का — सगळं विचारलं. माझा गुडघा हातात धरून हळू वाकवून बघितला. दुखलं तर थांबायचं, मला विचारत बसायचं नाही, म्हणाल्या.
तिथेच ठरलं माझं. शालूही हो म्हणाली.

२९ नोव्हेंबर
अंग ठणकतंय. गुडघा नाही!

१८ डिसेंबर
मॅडमनी आम्हा दोघींना ताकदीच्या गोळ्या दिल्या. साध्या कागदाच्या पुडीत, नाव वगैरे काही नाही. कसल्या, विचारलं. कॅल्शियम वगैरे, म्हणाल्या — माझ्यावर विश्वास आहे ना? आहे. म्हणून पुढे विचारलं नाही.

१५ जानेवारी
गोळाफेकीत सगळ्यांच्या पुढे गेले. मॅडम सगळ्यांसमोर म्हणाल्या, भाविका यंदा लागणार. शालू मागे पडतेय, पण तोंड वाकडं केलं नाही तिने. उलट येताना बसमध्ये विचारत होती — कसं वाटतंय, भूक लागते का, झोप येते का. अशी मैत्रीण मिळायला नशीब लागतं.

९ फेब्रुवारी
हनुवटीवर पुटकुळ्या. पाळी मागच्या महिन्यात आली नाही, याही नाही. मॅडम म्हणाल्या, मेहनतीने होतं असं.

१६ फेब्रुवारी
आई वाडीतून हाक मारत होती. मी ओ दिली. ती आत येऊन इकडेतिकडे बघायला लागली. "तूच होतीस? मला वाटलं घरात कोणी बाप्या हाय."
घसा बसलाय म्हटलं. मग मोरीत जाऊन एकटीच बोलून बघितलं. स्वतःचं नाव घेतलं. पुन्हा घेतलं. माझा आवाज नाही हा.

२४ फेब्रुवारी
आवाजासाठी दवाखान्यात रक्त तपासलं होतं, आज रिपोर्ट आला. डॉक्टरबाईंनी मी नेलेली पुडी बाजूला ठेवली आणि आधी विचारलं, कोणी दिल्या या? पुरुषी संप्रेरकं वाढवायच्या गोळ्या आहेत. आजपासून बंद. पाळी येईल हळूहळू, म्हणाल्या. मग आवाजाचं विचारलं.
"तो पहिल्यासारखा होईलच असं नाही गं."
आई बाहेर बाकावर बसली होती. तिला फक्त पाळीचं सांगितलं.

२५ फेब्रुवारी
मैदानावर गेले. वाटलं, मॅडम नाकारतील. नाही नाकारलं! घरच्या जेवणावर कोणी लागत नाही म्हणाल्या. त्यांच्या सरांनी त्यांनाही अशाच दिल्या होत्या. मग मी विचारलं, पहिल्याच दिवशी पाळीचं का विचारलंत?
"आधी कसं होतं ते ठाऊक असायला हवं ना, नंतर बदल कळायला."
आणि मी त्याला काळजी समजले! मनीष सरांच्या डब्यावर निदान नाव तरी होतं. मी फसले ती त्या चांगल्या प्रश्नांनीच.

२६ फेब्रुवारी
बाबांना सगळं सांगितलं. तक्रार करायची म्हणतात. करूया. पण आधी शालूला सांगायला हवं, तीही घेतेय बिचारी. तिचा आवाज अजून शाबूत आहे, वेळेवर थांबली तर वाचेल. उद्या सकाळीच जाते.

२७ फेब्रुवारी
शालू म्हणाली, "मी एकपण घेतली नाय." तिचा मावसभाऊ मेडिकलमध्ये कामाला आहे, त्याने पहिल्याच आठवड्यात ओळखल्या होत्या. मग मला का नाही सांगितलंस? तिने दार ओढून घेतलं, आत तिच्या आईला ऐकू जाऊ नये म्हणून.
"तुला काय झालं नसतं, तर मीपण चालू करणार होते."