गोठ्यामागचा चेनचा ट्रॅक्टर

दादा,

तुमचा ट्रॅक्टर चालू झाला. तुम्हाला हे आवडलं असतं की नाही, मला ठरवता येत नाही, आणि विचारायची सोय राहिलेली नाही. तुम्ही गेलात तेव्हा तुमची ही लेक नुकती कामाला लागली होती. आता माझेही केस पिकलेत. गोठ्यामागे कडुलिंबाखाली तुम्ही त्याला जिथे उभा केला होतात, तिथून तो या उन्हाळ्यात पहिल्यांदा हलला. चेन मातीत इतकी रुतली होती की तो गेल्यावर खाली दोन लांब खड्डे उरले. आई तिथे कोंबड्यांना दाणे टाकते आणि त्या खड्ड्यांना वळसा घालून जाते.

लहानपणी मला त्याचा केवढा अभिमान होता. गावात चाकांचे ट्रॅक्टर तीन-चार जणांकडे होते, पण चाकांच्या जागी लोखंडी कड्यांची चेन आणि पुढे माती ढकलायचं रुंद पातं असलेला फक्त आपला. तुम्ही आणि नाना, दोघं सख्खे भाऊ, त्याला घेऊन महिना महिना बाहेर असायचात. कोपरगावकडे उसाची रानं सपाट करायला, पारनेरकडे माळावर बांध घालायला. तुम्ही चालवायचात आणि नाना पायी मागेपुढे, कुठे दगड आहे, कुठे पातं खाली घ्यायचं ते हाताने दाखवत. परत आलात की तुमच्या दोघांच्या कानात, पापण्यांवर माती असायची. चुलीपुढे एकाच ताटात जेवायला बसायचात आणि आई म्हणायची, आधी तोंडं धुवा, नाहीतर भाकरीला कचकच लागंल. नानांचं लग्न ठरलं होतं तेव्हा. हळद लागायची बाकी होती.

गावच्या पाझर तलावाचं काम चालू होतं. तलाव जवळ, म्हणून ट्रॅक्टरचा आवाज शाळेत दिवसभर यायचा, आणि मी पाढे म्हणताना मनात म्हणायची, हे माझे दादा. त्या दिवशी मधली सुट्टी व्हायच्या आधीच आवाज बंद पडला. मी खिडकीकडे बघते, तर बांधाकडे माणसं पळताहेत. तुम्ही ट्रॅक्टर मागे घेत होतात आणि नाना मागच्या बाजूला चेनमध्ये अडकलेला दगड काढायला वाकले होते. जीपमधून नगरला नेलं. गुडघ्याखालचा पाय राहिला नाही. दोन-तीन दिवसांनी तुम्ही एकटे परत आलात, तलावावर गेलात, ट्रॅक्टर चालवत घरी आणलात, गोठ्यामागे लावलात आणि खाली उतरलात. पुन्हा त्याच्यावर चढलाच नाहीत. मुलीकडच्यांनी निरोप धाडला की लग्न होणार नाही. नाना मग लाकडी पाय आणि काठी घेऊन आपल्याकडेच राहिले, आजतागायत.

तुम्ही त्यांच्या अंघोळीचं पाणी रोज स्वतः काढून द्यायचात. आई म्हणाली, मी देते की, तरी तुम्हीच. जेवायला दोघं पुन्हा एका ताटात. कालवणातलं मऊ वांगं तुम्ही नानांकडे सरकवायचात, नाना ते परत तुमच्याकडे. पण बोलणं पावसाचं, बैलांचं, बाजरीचं. त्या दिवसाबद्दल तुमच्या तोंडून अक्षर नाही आणि नानांच्या तोंडूनही नाही. दरवर्षी पावसाआधी मात्र तुम्ही गोठ्यामागे जाऊन ट्रॅक्टरच्या धुराड्यावर पत्र्याचा डबा पालथा घालून यायचात. तुम्ही गेल्यावर नाना ते माझ्याकडून करून घेऊ लागले. भंगारवाले कितीदा आले. नाना काठी आपटून त्यांना वाटेला लावायचे. मला वाटायचं, त्यांच्या मनात डूख आहे. आपला पाय कुणी नेला ते रोज सगळ्यांना दिसावं, म्हणून ते त्याला हलू देत नाहीत. तुमच्याकडे बघून वाटायचं, तुम्हालाही तेच वाटतंय.

मी आयटीआयला फिटरचा ट्रेड घ्यायचं म्हटलं तेव्हा आई रडली होती. तुम्ही सकाळी सायकल पुसलीत, तिच्यावरून मला फाट्यावर आणलंत आणि एसटीने नगरपर्यंत माझ्यासोबत आलात, येताना एसटीत एवढंच म्हणालात, "मशीन चालू असताना हात घालायचा न्हाई." त्या शिकवणीवर मी एमआयडीसीतल्या कारखान्यात पंप जुळवत इतकी वर्षं काढली. हाताला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही.

गेल्या थंडीत नाना आजारी पडले. उठले ते बारीक होऊन. एक दिवस मला जवळ बोलावून म्हणाले, "पोरी, तेवढं मशीन चालू करून दे मला." मला आधी वाटलं, तापात बरळताहेत. म्हटलं, "कशाला नाना? कुणाची जमीन सपाट करायचीय आता?" ते म्हणाले, "तू चालू कर. मंग सांगतो." मी आईला सांगितलं तेव्हा ती चुलीपुढून उठलीसुद्धा नाही. म्हणाली, "त्यानं एकाचा पाय नेला अन् एकाची वाचा नेली. आता घरात काय ऱ्हायलंय त्याला न्यायला? गंजतंय ते गंजू दे." ती बरोबर बोलत होती. मलाही त्या लोखंडाला हात लावायचा नव्हता. पण नानांनी आयुष्यात माझ्याकडे दुसरं काही मागितलेलं मला आठवेना.

तिसगावहून एका फिटरला बोलावलं. जुन्या डिझेल इंजिनांची कामं करणारा, माझ्याच वयाचा माणूस. सगळे त्याला भाई म्हणतात. त्याने ट्रॅक्टरभोवती एक फेरी मारली, चेनवर पाना वाजवून बघितला आणि म्हणाला, "ताई, इंजन येईल. धुराडं झाकलेलं हुतं म्हनून वाचलंय. पन ही चेन म्हंजी आता चेन न्हाई, एक लोखंड झालंय." खरंच होतं. आधी आम्ही चेनमधून वर आलेल्या बाभळी तोडल्या, मग कुदळीने माती काढली. इंजिनात तेल सोडून ठेवलं, ते हळूहळू सुटलं. चेन मात्र हलेना. उजवी चेन जोड काढून खाली उतरवली, तर ती जमिनीवर पसरायची सोडून तशीच कमानीसारखी उभी राहिली. कडी कडीला धरून बसलेली. डिझेल आणि जळकं ऑइल पाजायचं, गॅसच्या जाळाने पिन तापवायची, मग घणाचे घाव, मग पुन्हा ऑइल. माझी सुट्टी रविवारी, म्हणून काम रविवारी. मधल्या दिवसांत नाना बाज ओढून चेनपाशी बसायचे आणि ऑइलच्या बुधलीने एकेका पिनेवर धार सोडायचे. मी कारखान्यातून आले की त्यांचे हात काळे, धोतर काळं. ज्या चेनने पाय नेला तिलाच ते तेल घालताहेत, हे मला बघवायचं नाही. आई उंबऱ्यावर चहा ठेवायची आणि आत जायची.

पहिली कडी वाकली त्या दिवशी भाई हसला, मीही हसले. नाना हसले नाहीत. भाई गेल्यावर मी हात धुवत होते, तेव्हा ते म्हणाले, "मी हाक मारल्ती." मला कळलं नाही. म्हणाले, "तवा. तलावावर. मशीन मागं याया लागलं तवा मी हाक मारल्ती दादाला. दादा थांब म्हनून. पाय चेनखाली जायच्या आधी." त्यांना म्हटलं, मी डबा घेऊन यायची तेव्हा दादा मला रागवायचे, मागून यायचं नाही, हाक मारायची नाही, मशीनवर ऐकू येत नाही, पुढे येऊन हात कर म्हणायचे. नाना म्हणाले, "ते तुला. तू ल्हान हुतीस. कोपरगावला मी बांधावरनं हाक मारली की थांबायचा की तो. कदी थांबायचा, कदी न्हाई." मग काठीच्या टोकाने ती सुटलेली कडी हलवून बघितली. शेवटी म्हणाले, "तू शीटावर बस. मी मागं उभा ऱ्हातो अन् तशीच हाक मारतो. ऐकू येतं का सांग मला."

मी विचारलं, "आणि आलं तर?"

"आलं तर आलं. मला राग धरायचा न्हाई कुनावर. फकस्त कळाया पायजे."

"इतकी वर्षं एका ताटात जेवलात. दादांनाच का नाही विचारलं?"

ते म्हणाले, "इचारलं असतं तर त्यानं खरं सांगितलं असतं."

दादा, मला तिथेच काम सोडावंसं वाटलं. घणाचा घाव घालताना मी मनात म्हणायची, ही कडी नको सुटायला. पण सुटत गेल्या. हाताला सवय झाली की हात मनाचं ऐकत नाहीत. चैत्र सरता सरता दोन्ही चेन चढल्या, आणि एका रविवारी भाईने इंजिन चालू केलं. धुराड्यातून आधी काळं, मग निळं निघालं, गोठ्यातली म्हैस दावं तोडायला बघू लागली. तोच आवाज. शाळेच्या खिडकीतून यायचा तोच. आई दारात आली. इतके महिने तिने गोठ्याकडे पाठ केली होती. त्या दिवशी खांबाला धरून बघत राहिली.

भाईने मला ट्रॅक्टर चालवायचे-थांबवायचे दांडे समजावून सांगितले, दोन आठवडे मोकळ्या रानात चालवायला शिकवलं. मग तो दिवस आला. सकाळची वेळ, उन्हं तापायच्या आधी. मी नानांना म्हटलं, मागे घेणार नाही, पुढेच नेईन. ते म्हणाले, "ने. आवाज सारकाच." ट्रॅक्टरच्या मागे पाचसहा हातांवर ते काठी टेकून उभे राहिले. भाईने त्यांचा दंड धरला होता. मी तुमच्या शीटवर बसले. चामडं केव्हाच गेलेलं, खाली गोणपाट घातलं होतं. तुम्ही बघायचात तशी पुढे पात्याकडे नजर ठेवली. इंजिन वाढवलं, दांडा पुढे ढकलला. इंजिनाची धडधड खालून, पाठीतून वर येते, दादा, आणि तिच्यावर चेनची करकर. दात हलतात. मी ठरल्याप्रमाणे बांधावरच्या शेवग्यापर्यंत गेले, थांबवलं, इंजिन बंद केलं. कान सुन्न झाले होते. वळून बघते तर नाना भाईला मागे टाकून ढेकळांतून एकटेच येत होते, काठी रोवत, तोल सावरत. जवळ येऊन चेनला धरून उभे राहिले. त्यांना धाप लागली होती.

"आलं का?"

"नाही."

"कायच न्हाई?"

"काहीच नाही नाना. इंजिनाशिवाय काही ऐकू येत नाही."

ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मी नजर हलवली नाही. मग त्यांनी टोपी काढून तोंड पुसलं आणि म्हणाले, "मंग त्याला कुठनं येनार." खाली चेनवरच बसले. लहान पोरासारखे रडले. भाई दुसरीकडे बघत उभा राहिला. आई रानातून अनवाणी चालत आली, आणि नाना तिला म्हणाले, "वैनी, दादाला ऐकूच आलं नव्हतं." आईने त्यांचं डोकं आपल्या पोटाशी धरलं. आपल्या घरात कुणी कुणाला असं धरलेलं मी आधी पाहिलं नव्हतं.

तेव्हापासून नाना बोलतात. जेवताना तुमच्या गोष्टी निघतात. कोपरगावला तुम्ही पातं उसात घातलंत आणि मालक मागे लागला, पारनेरला विंचू चावला म्हणून तुम्ही एका पायावर नाचलात. आई हसते, म्हणते, हे मला कधी सांगितलं न्हाई त्यांनी. नाना वरणभात दोनदा मागून घेतात. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, मशीनवर कुनालाच ऐकू येत न्हाई, आमच्या पोरीनं बघितलंय. भंगारवाला परवा आला तर त्याला बसवून चहा पाजला. द्यायचा का ते मात्र माझ्यावर सोपवलंय.

मला अन्न गोड लागत नाही. कारखान्यात मशिनींच्या गोंगाटात मी कान देऊन उभी असते. शेजारची बाई हाक मारते ती मला ऐकू येते का, कुठल्या दिवशी येते, कुठल्या दिवशी येत नाही. कामात असले की येत नाही. वाट बघत असले की येते. एवढ्यावर मी स्वतःला समजावते की मी ऐकायला बसले होते आणि तुम्ही कामाला. पण कोपरगावला तुम्ही कधी थांबायचात, कधी नाही, आणि त्या दिवशी काय झालं ते तुम्हालाच माहीत. तुम्ही ते घेऊन गेलात. आईला मी हे सांगणार नाही, नानांना तर नाहीच, आणि भाईने विचारलं नाही. हा कागद कुणाच्या हाती पडायच्या आधी मी फाडून टाकेन.

नानांनी तीन वेळा हाक मारली, असं भाई म्हणतो. दादा, मला पहिलीच ऐकू आली होती. माझा हात दांड्यावरच होता. मी थांबवलं नाही.